साहेबांना बांधलेला फेटा

आमच्या घराण्यात मला कुणी फारसं काही विचारत नाही. जमीन घ्यायची असो की पोरगी द्यायची असो, सगळं ठरून झाल्यावर मला कळवतात. लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र माझी शोधाशोध होते, कारण मला फेटा बांधता येतो. कोल्हापुरात फेटा बांधणारे गल्लोगल्ली आहेत, पण माझा फेटा शेवटची पंगत उठेपर्यंत ढिला होत नाही, आणि तुरा असा उभा राहतो की नवरदेव चार बोटं उंच दिसतो. हायस्कुलात क्लार्क म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. माझा तेवढाच होता.

माझी थोरली बहीण, आक्का, पश्चिमेला घाटाच्या कडेला एका गावात दिलेली आहे. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर धबधबा. पावसाळ्यात तिथं गाड्यांची रांग लागायची, पण वरच्या पठारावर पाझर असल्यानं तो शिमग्यापर्यंत वाहायचा. शेवटी शेवटी अगदी बारीक, पण वाहायचा. तिकीट नाही, कुंपण नाही. कुणीही यावं, भिजावं, जावं. दाजी वारल्यावर आक्कानं तिथं ताडपत्री बांधून भजी आणि चहा सुरू केला, आणि त्यावर दोन पोरी आणि एक पोरगा, तिघांची लग्नं उरकली.

धबधब्याशेजारी बसून हळू बोलता येत नाही. इतक्या वर्षांत आक्काचा आवाज तसाच होऊन बसला. ती आमच्याकडं राहायला आली की शेजारच्या वहिनी दारात येऊन डोकवायच्या, भांडण लागलंय की काय म्हणून. आक्का फक्त मीठ मागत असायची.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं ठरलं की धबधब्याच्या माथ्यावर बंधारा घालायचा, पाणी लोखंडी पाइपात घालून खाली उतरवायचं आणि पायथ्याला वीज तयार करायची. पाणी कुठं जात नाही, फक्त दिसणार नाही, असं त्यांच्या एका माणसानं मला चहा पिता पिता समजावलं. मला ते पटलंसुद्धा. मला समोरच्याचं नेहमीच पटतं, हा माझा जुना दोष. आक्का कढईतली भजी उलटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "पाणी दिसलं न्हाय तर माणसं काय पाइप बघाय येणार हायत?"

तिथून विरोध सुरू झाला. टपऱ्यावाल्या बायका, जीपवाले, खाली ओढ्याच्या पाण्यावर मिरची-भाजी करणारे, असं निम्मं गाव आक्काच्या मागं उभं राहिलं. बाकीचं निम्मं कुंपणावर होतं. अर्ज लिहायला मला बोलावलं. मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे घालून असा झकास अर्ज लिहिला की विरोध कशाला आहे ते तिसऱ्या पानावर कळत होतं.

मग निरोप आला की जागेची पाहणी करायला आणि गावचं म्हणणं ऐकायला सरकारी पथकाचे साहेब येणार आहेत. देवळात बैठक बसली. योगायोगानं मी तिथंच होतो. तरण्या पोरांचं म्हणणं होतं, काळे झेंडे दाखवू. म्हातारी मंडळी चुळबुळली. आपल्याकडं सरकारी गाडीतून कोणीही उतरला की त्याला फेटा, शाल आणि नारळ ही ठरलेली रीत. मागं गावची एस.टी. बंद झाल्याचं सांगायला आलेल्या माणसालाही या गावानं नारळ देऊनच वाटेला लावलं होतं.

आक्का म्हणाली, "त्यो काय जावाय हाय व्हय आपला?"

तेव्हा मी उठलो. मान दिला की माणूस मऊ होतो, मऊ झाला की ऐकून घेतो, भांडण काय नंतरही करता येतं, असं बरंच बोललो. माना हलल्या. भरल्या बैठकीला माझं पटण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. आक्का एकटी माझ्याकडं बघत राहिली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं. मला फेटा बांधायचा होता, बस.

कोल्हापुरातून मी चांगला भगवा फेटा नेला. जरीच्या काठाचा. साहेब आले, हात जोडत उतरले. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला फार गोड. हलगी वाजली. धबधबा पाठीशी येईल अशी खुर्ची मांडून मी त्यांना फेटा बांधला. फोटोत तुरा नीट आला नाही म्हणून त्यांच्याबरोबरचा फोटोवाला म्हणाला, पावणं, परत एकदा हात लावा, आणि जरा हसा की. मी परत हात लावला. आणि हसलो. मनापासून हसलो, कारण तुरा खरोखरच सुरेख आला होता.

शाल झाली, नारळ झाला, तांबडा-पांढरा रस्सा झाला, आणि म्हणणं ऐकायची वेळ आली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. साहेबांना अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. आक्काला पाच मिनिटं मिळाली. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, फेट्यानं कान झाकल्यात तुमचं. जरा वर सारा आणि मग ऐका."

सगळे हसले. साहेबही दिलखुलास हसले, त्यांनी खरंच फेटा कानावरून वर सारला, आणि त्या हसण्यात तिची पाच मिनिटं गेली. पुढं ती काय बोलली ते मलासुद्धा धड आठवत नाही. पाणी, ओढा, पोटाला काय खायाचं, असं काहीतरी. गाडीत बसताना तुरा छताला लागायला लागला तेव्हा साहेबांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि आमचा निरोप घेतला.

पाच-सहा महिन्यांनी अहवाल आला. आक्काच्या सुनेनं तो मोबाइलवर मला पाठवला. त्यात लिहिलं होतं की ग्रामस्थांनी पाहणी पथकाचं उत्स्फूर्त स्वागत केलं आणि प्रकल्पाबद्दल गावात उत्साहाचं वातावरण आहे. खाली पुरावा म्हणून फोटो. साहेब, मागं धबधबा, आणि तुऱ्याला हात लावून बत्तिशी दाखवणारा मी. माझा अर्ज त्यात कुठंच नव्हता.

आम्ही कोल्हापूरच्या कचेरीत तक्रार द्यायला गेलो. आक्का, सहा-सात बायका आणि मी. दुपारपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसलो. आत टेबलावरच्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, फाइल उघडली आणि फोटो आमच्याकडं फिरवला. विरोध होता तर हे काय, असं त्यानं विचारलं. मग फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे तुम्हीच की?"

तीस वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना कागद दाखवत आलोय. या बाजूला काय होतं ते त्या दिवशी कळलं. मी हो म्हणालो. आमच्याकडं पाहुण्याला फेटा बांधतात, त्याचा अर्थ होकार नव्हे, असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, रीत मलाही माहीत आहे, पण फाइलीत रीत लिहिलेली नसते. वाईट माणूस नव्हता. परतताना स्टँडवर आक्कासाठी मोसंबी घेतली, ती तिनं बाकावरच ठेवली.

त्यानंतर अर्ज झाले, धरणं धरून झालं, एकदा मोर्चाही निघाला. प्रत्येक ठिकाणी तो फोटो आमच्या आधी पोचलेला असे. शेवटी बंधारा झाला. पाइप टाकला.

गेल्या दिवाळीनंतर मी गेलो होतो. एरवी त्या दिवसांत पाणी चांगलं असतं. आता वर काळा कातळ आणि त्यावर वाळून तपकिरी झालेलं शेवाळ. मुसळधार पावसात बंधाऱ्यावरून जेवढं सांडतं तेवढाच आता धबधबा, असं सून म्हणाली. बाकीच्या टपऱ्या उठल्या होत्या. आक्काची ताडपत्री तेवढी होती. मी समोर बसलो. कढई पालथी होती.

तिनं पिशवीतून एक घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तोच फेटा. धुऊन, काठाला काठ लावून घडी घातलेला.

"घिऊन जा," ती म्हणाली. "कुणाच्या तरी लग्नाला हुईल."

मी आता बांधत नाही, खांदा धरतो, असं काहीतरी म्हणालो. खांद्याला काही झालेलं नाही. धाकट्या मेव्हण्याच्या पोराच्या लग्नात तयार फेटे आणले होते, कुणाला फरकही कळला नाही.

मग ती चहाला म्हणून उठली आणि जुन्या सवयीनं ओरडली, "साखर किती घालू रं?"

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. मध्ये आवाज कसलाच नव्हता. तिचा प्रश्न समोरच्या कातळावर जाऊन आपटला आणि परत आला. तिलाही तो ऐकू आला असावा, कारण तिनं चटकन तोंडाला पदर लावला. मी बोटानं एक चमचा दाखवला. नंतर आम्ही दोघं खालच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत राहिलो, पण तिला ते जमेना.