खडूने काढलेला मासा

खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे विकणाऱ्या त्या दुकानदाराला सगळे ‘खडूवाला’ म्हणत. कुणी मासा मागितला, की तो खडू घेऊन फरशीवर मासा काढायचा. आज टाकीत दिसतो तेवढा नव्हे, पूर्ण वाढल्यावर होईल तेवढा. भोवती गिऱ्हाइकाच्या टाकीची चौकट आखायचा आणि मग तोंड सोडायचा.

त्या दिवशी एक दंतवैद्य आले. त्यांना घरच्या दोन फुटी टाकीसाठी निळ्या एंजल माशाचं बोटाएवढं पिल्लू हवं होतं. खडूवाल्याने सव्वा फुटाचा मासा काढला. चौकटीत त्याला धड वळायलाही जागा उरली नाही.

“मोठा झाला की बघू,” दंतवैद्य हसून म्हणाले.

खडूवाल्याचं डोकंच फिरलं. “काय बघणार? पोराला बूट घेताना अंगठ्यापुढे जागा सोडता ना? मग याने काय घोडं मारलंय तुमचं?” दंडाला धरून त्याने त्यांना मागच्या खोलीत नेलं.

तिथे सहा फुटी टाकीत एक मोठा एंजल होता. तो दोन फूट पोहायचा आणि गर्रकन वळायचा, जणू पुढे काच आहे. उरलेलं पाणी रिकामंच.

“तीन वर्षं दोन फुटी टाकीत काढून परत आलाय.”

“एवढ्याशा टाकीसाठी हा विकला तरी कोणत्या गाढवाने?”

“या गाढवाने!” खडूवाला स्वतःच्या छातीवर बोट आपटत ओरडला. “ते गिऱ्हाईकही म्हणालं होतं, मोठा झाला की बघू. आणि मीही हसत हसत पिशवीला गाठ मारली होती.”