पोरगी कशी हाय?

हे मी कुणालाच बोलले नाही – नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या उंब्रजचे नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारच्या शालननं अख्ख्या आळीला बोलावणं केलं आणि आमचं दार तेवढं सोडलं! भिंतीला भिंत आमची. काय घोडं मारलं होतं मी तिचं? माझ्या धाकट्या जावेलाही बोलावणं नव्हतं. ती हसली. "आवं अक्का, न्हाई बोलावलं तर न्हाई. साडी बदलायचं वाचलं," म्हणाली आणि शेंगा फोडत बसली. एका घरातल्या दोघी, अपमानही एकच – तिला तो लागलाच नाही. मी मूळचीच तापट, त्यात पलीकडून बायकांचं खिदळणं ऐकू येत होतं... आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पण राग शालनवर होता ना? मग काढला कुणावर?

तिच्या लेकीला, पल्लवीला, इस्लामपूरचं स्थळ आलं. पोरगी पसंत होती. आमच्याकडं रीत अशी, की सुपारी फोडायच्या आधी मुलाकडचे लोक मुलीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं गुपचूप चौकशी करतात. मुलाचे चुलते माझ्याकडं आले. चहा घेता घेता म्हणाले, "वैनी, पोरगी कशी हाय?"

वाईट बोलले का मी? एक अक्षर नाही! बशीकडं बघितलं, उसासा टाकला – आणि म्हणाले, "शेजार हाय आवं... मी काय सांगू? आणि कुटंतरी इचारा." केवढी हुशार मी! चहा अर्धा ठेवून ते उठले.

नकार आला. शालननं त्या लोकांच्या नावानं आळीभर शिमगा केला. पल्लवी मात्र गप्प झाली. धड जेवेना, कुणात मिसळेना. एका दुपारी माझ्याकडं आली. "काकू, माझ्यात काय खोट हाय का वो?"

"न्हाई गं! सोन्यासारखी पोर तू." फटकन बोलले – त्या दिवशी हीच जीभ कुठं गेली होती?

"तुमी मायेनं बोलताय," ती म्हणाली.

आता कुणी बघायला यायचं म्हटलं, की ती नकोच म्हणते.

यंदा संक्रांतीला शालननं पहिलं बोलावणं मला केलं. मी गेले – चांगली साडी नेसून! पल्लवीनं हळदीकुंकू लावलं. मी कपाळ पुढं केलं.