नीराबाईची काटकसर आणि मनुबाईचा झाडू

नीराबाईनं आयुष्यात एकच गोष्ट मनसोक्त उधळली, ती म्हणजे हसू. बाकी सगळं तिनं जपून वापरलं. लग्नाला आहेर नेला की पिशवी रिकामी करून परत मागायची. चहात साखर टाकताना भरलेला चमचा डब्याच्या काठावर आपटायची, म्हणजे वरची शीग परत डब्यात पडायची. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला येताना तिकीटवाल्याला दरवेळी विचारायची, "टोपलीचं तिकीट कशाला रं? ती काय बाकावर बसलीय व्हय?" आणि स्वतःच अशी खळखळून हसायची की तिकीटवालाही हसायचा आणि टोपली फुकट यायची. नांदखोल या तिच्या गावात कुणी हात आखडला की लोक म्हणत, "काय रे, नीराबाई झालास काय?" तिच्या कानावर ते आलं तरी ती चिडायची नाही. आपलं नाव चांगल्या कामाला लागलं, असंच तिला वाटायचं.

अशा बाईला गावानं सरपंच केलं, यात नवल काही नाही. पंचायतीच्या डोक्यावर कर्ज होतं, रस्त्यावरच्या दिव्यांचं आणि पाण्याच्या पंपाचं वीजबिल थकलं होतं, आणि आधीच्या मंडळींनी पंचायतीच्या पैशातून एकमेकांचे सत्कार करून घेतले होते. तशात जागा बाईसाठी राखीव निघाली. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी तिचा मुलगा केतन घरी आला होता. तो बंदरात नोकरीला. टीव्हीवर कोटवाले दोघे जण हातघाईवर आले होते. देशावरचं कर्ज वाढलंय, सरकारनं खर्च कापलाच पाहिजे, असं एक जण ओरडत होता. दुसरा काहीतरी समजावू बघत होता, पण त्याला कुणी बोलूच देत नव्हतं.

"येवढी शिकलेली माणसं, आन् भांडतात कशापायी?" नीराबाई म्हणाली. "खर्च कापायचा, कर्ज फेडायचं. झालं."

"आये, देश म्हणजे आपलं घर न्हाय."

"मंग काय शेजाऱ्याचं हाय?"

केतननं हसून टीव्ही बंद केला. आईपुढे त्याचं तसंही कधी चालत नसे.

पहिल्याच ग्रामसभेत नीराबाईनं पदर खोचला आणि आपल्याला कळतं त्या भाषेत सांगून टाकलं. "बोंबील वलांडीवर टांगला की त्यातलं पाणी जातं, मंग तो पावसाळाभर टिकतो. आपल्या पंचायतीत लय पाणी झालंय. ते मी काढनार." वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूचा मांडव. ती बघतच लहानाचं मोठं झालेल्या गावाला हे लगेच पटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिनं खरोखरच कापायला घेतलं. वाढदिवसाचे बॅनर बंद. शाल-श्रीफळ बंद. पाहुण्यांसाठीची कमान बंद. सभेतला बटाटेवडा बंद, त्यावर मात्र सदस्यांनी खूप कुरकूर केली. इथवर तिचं काही चुकलं, असं मी तरी म्हणणार नाही. पंचायतीच्या पैशातून पंचायतीनंच पंचायतीला शाल पांघरायची, हा प्रकार कधीतरी थांबायलाच हवा होता. पण कापण्याचीही चटक लागते. बॅनर संपले, वडे संपले, आणि नीराबाईची नजर मनुबाईवर गेली.

मनुबाई तिची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आल्या, शेजारी शेजारी राहिल्या, एकीच्या पोरांना दुसरीनं न्हाऊ घातलं. किनाऱ्याला लागून पंचायतीचा सिमेंटचा मोठा ओटा आहे. गावातल्या बायका त्यावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात. रात्रभर वाऱ्यानं त्यावर वाळू येऊन पडते. ती वाळू पहाटे बायका यायच्या आत झाडून काढायची, हे मनुबाईचं काम. पंचायत तिला त्याचा थोडासा पगार द्यायची. झाडून झालं की दोघी ओट्याच्या कडेला बसून चहा प्यायच्या, ही त्यांची रीत.

निरोप शिपायाकडून पाठवावा, इतकी नीराबाई भित्री नव्हती. ती स्वतः गेली.

"मनुबाय, जिनं तिनं आपली जागा झाडली तर पंचायतीला पगार कशाला?"

मनुबाईनं झाडणं थांबवलं. "तू सुनेला रोज काय सांगतेस गो? बोंबील वाकंल येवढाच वाळव, मोडला तर त्याची कुटी. आन् कुटी कोंबड्या खातात. तुजी पंचायत आता मोडाया लागली, येवढं सांगते." तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून ती नीराबाईशी बोलेनाशी झाली.

नीराबाई एकटीच ओट्यावर चहा प्यायली. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाला वाईट वाटून चालत नाही, अशी तिची तेव्हा समजूत होती.

मग जिनं तिनं आपली जागा झाडायला सुरुवात केली. म्हणजे काय झालं? पहिलीनं आपली वाळू दुसरीच्या जागेत लोटली, दुसरीनं तिसरीच्या, आणि शेवटी जी उशिरा आली तिच्या वाट्याला सबंध समुद्रकिनारा आला. तिनं तो वाऱ्यावर सोडला. दुपारपर्यंत वाळू जिथल्या तिथे, आणि वर भांडणं वेगळी.

जवळा घ्यायला नेहमीप्रमाणे महाडचे शेठ आले. त्यांनी चिमूटभर जवळा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थुंकला. "अहो बाई, कचकच लागतोय. गिऱ्हाइकाचे दात पडले तर मी बसवून देऊ काय?" त्या खेपेला त्यांनी भाव पाडला. पुढच्या खेपेला ते नांदखोलात थांबलेच नाहीत.

बायकांच्या हातात पैसा येईना, तशी त्यांनी घरपट्टी लांबवली. ज्यांच्या बायका जवळा विकतात त्यांनी पाणीपट्टीही लांबवली. ग्रामसेवकांनी हिशेब मांडला तेव्हा पंचायतीची थकबाकी कमी होण्याऐवजी फुगली होती.

"खर्च कापला आन् कर्ज वाढलं?" नीराबाईला काही केल्या हे पटेना. तिनं केतनला फोन लावला.

केतन म्हणाला, "आये, त्या दिवशी टीव्हीवरचा दुसरा मानूस हेच सांगत व्हता. लोकांची कमाई बुडंल असा खर्च कापला तर सरकारकडं पैसा येनार कुठनं?"

"मंग तो मोठ्यानं का न्हाय बोलला?"

फोन ठेवून ती ओट्यावर गेली आणि तिथे वाळत घातलेल्या आपल्याच जवळ्याची चिमूट तिनं तोंडात टाकली. कचकच. मिठाचा खडा वाया न घालवणाऱ्या त्या बाईनं तो जवळा थुंकला आणि टोपलीभर माल उकिरड्यावर ओतून आली. सुनेनं ते पाहिलं आणि सासू आजारी आहे की काय, असं तिला वाटलं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, नीराबाई उभी राहिली आणि तिनं घसा खाकरला.

"बॅनर बंद केलं ते चुकलं न्हाय. शाल बंद केली ती चुकली न्हाय. ज्याला पायजे त्यानं आपल्या पैशानं पांघरावी. पन झाडू कापला ते चुकलं. माजं चुकलं. मनुबाय, उद्यापासून ये."

मनुबाई मागे भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती सावकाश उठली. "येईन. पन नवा झाडू पायजे."

"जुन्याला काय झालं?" नीराबाईच्या तोंडून निघून गेलं.

सभा जी हसत सुटली, ती काही केल्या थांबेना. ग्रामसेवकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मनुबाईनं आधी तोंडावर पदर धरला, मग तोही सोडला. सगळ्यांत मोठ्यानं नीराबाईच हसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मनुबाई ओट्यावर आली तर नीराबाई तिच्या आधी हजर. हातात दोन नवेकोरे झाडू.

"दोन कशाला? पंचायत बुडवतेस काय?"

"पंचायतीचे न्हाईत. माजे हाईत."

मनुबाई मटकन खाली बसली. "नीरे, तू सोताच्या पैशानं आनलेस?"

"ऊठ गो. वारा सुटायच्या आत झाडू."

एकीनं या टोकाकडून झाडायला घेतलं, दुसरीनं त्या टोकाकडून. वाळू किनाऱ्यावर परत गेली, ओटा स्वच्छ झाला, आणि मधोमध किटली ठेवली होती तिथे दोघी येऊन बसल्या. नीराबाईनं चहा ओतला. मनुबाईनं घोट घेतला आणि ती थांबली. चहा गोड होता. इतक्या वर्षांत नीराबाईच्या हातचा चहा तिला कधी गोड लागला नव्हता.

"काय गो, चमचा आपटायला इसरलीस?"

"न्हाय," नीराबाई म्हणाली, "आज न्हाय आपटला."