खारवलेला जिताडा

उत्तनच्या इंदुबाईला जिवंत जिताडा मासा हाताळता येतो, एवढ्याच गुणावर १९७४ सालच्या थंडीत तिला भाईंदरच्या मिठागरांपलीकडच्या तळ्यावर काम मिळालं. तिथे रत्नागिरीकडचे गोवर्धनसाहेब पाळलेल्या माशांना खाद्यातून औषध देत आणि ठरल्या दिवशी त्यांचं रक्त काढत. तेव्हा मासा ओल्या गोणपाटात दाबून धरायचा, हे तिचं काम.

"मासा आजारी न्हाय, मंग औषध कशाला?" तिने विचारलं.

साहेबांनी कागदावर तीन चौकोन काढले. पोट, रक्त, मांस. मध्ये बाण. "औषध असं फिरतं आणि हळूहळू बाहेर पडतं. किती दिवसांत, ते गणिताने काढायचंय. मग असा मासा कधी खायचा ते सांगता येईल."

इंदुबाईने मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. मासा कुठे चौकोनी असतो?

औषध दिल्याच्या आठव्या दिवशी एक जिताडा जाळ्यात गुरफटून मेला. मेलेला मासा पुरायचा, असा साहेबांचा नियम. पण हातभर लांब, ताजा जिताडा मातीत घालायला तिचा जीव होईना. पाच महिन्यांची गरोदर लेक आशा माहेरी आली होती. इंदुबाईने लेकीसाठी अर्ध्याचं कालवण केलं, अर्धा खारवून ठेवला.

दोन दिवसांनी साहेब कागदांपुढे डोकं धरून बसलेले. गणिताप्रमाणे मांस साफ व्हायला हवं होतं, पण तपासलेल्या काही माशांत औषध होतंच.

"थंडीमुळे असेल," ते पुटपुटले. "पाणी गार झालं की माशाच्या अंगातलं सगळंच मंदावतं."

इंदुबाईला आशाने खाल्लेलं कालवण आठवलं. मागे दवाखान्यातल्या कुठल्याशा गोळीने आशाच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. तिने रडत सगळं सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत, त्याने ती जास्तच घाबरली.

"काही उरलाय त्यातला?"

तिने खारवलेला तुकडा आणून दिला. साहेबांनी तो जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत ठेवला. औषध असलं तर भोवतालचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कडं उमटलेलं होतं.

"म्हंजे औषध हाय?"

"मिठानेही जंतू मरतात, बाई. हे कडं कशाचं, मलाच सांगता येत नाहीये."

पुढे महिनाभर ती आशाचे हात, मान, पाठ न्याहाळत राहिली. "सारखी काय बघतेस गं आये?" आशा वैतागायची. अंगावर काहीच उठलं नाही. औषध नव्हतंच, की होतं आणि बाधलं नाही, की त्या गोळीतलं औषधच निराळं होतं? इंदुबाई एकेक शक्यता धरून बघे आणि प्रत्येक निसटे.

वैशाखात आशाला मुलगी झाली, चांगली धडधाकट. इंदुबाईने साहेबांना पेढा दिला. ते मनापासून हसले, मग पेन्सिल उचलून म्हणाले, "त्या दिवशी आशाने किती तुकड्या खाल्ल्या होत्या?"

हसावं की चिडावं, तिला उमजेना. "दोन," ती म्हणाली आणि जाळं घेऊन तळ्यात उतरली.