माझं मत जाड्याला

अमेरिकेतल्या फुटबॉलला फुटबॉल का म्हणतात, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. चेंडू हातात, पाय नुसते पळायला, आणि जरा कुठे रंग भरतोय म्हणेपर्यंत सगळे थांबून घोळक्याने खलबतं करतात. तरीही गेल्या सप्टेंबरपासून आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये सोमवारची सकाळ, म्हणजे तिथली रविवारची रात्र, या खेळासाठी राखून ठेवलेली होती. कारण तेवढ्या वेळापुरती आमची मुलगी तिच्या खोलीतून बाहेर येत होती.

मुलगी चोवीस वर्षांची. शाळा इथली, कॉलेज अमेरिकेतलं आणि पहिली नोकरीही तिथलीच. त्या नोकरीला वर्ष व्हायच्या आत कंपनीने माणसं कमी केली. अशा वेळी नव्यांना आधी काढतात, तशी हिलाही काढली. दुसरी नोकरी मिळेना, व्हिसा संपला आणि मे महिन्यात ती दोन बॅगा घेऊन चांगी विमानतळावर उतरली. मी मनात म्हटलं, आठवडाभर झोपेल, खाईल-पिईल, मग येईल ताळ्यावर. तिने खोलीचं दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

डॉक्टर झाले. गोळ्या सुरू झाल्या. एक समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा तिच्याशी व्हिडिओवर बोलायच्या. वेळ लागेल, असं सगळे म्हणत, आणि मी विचारायची की किती, तर सगळे नुसता प्रेमळ चेहरा करत. त्या प्रेमळ चेहऱ्यांचा मला भयंकर राग यायचा. दाराबाहेर ठेवलेलं ताट संध्याकाळी होतं तसं उचलायचं आणि त्यावरचा भात कचऱ्यात लोटायचा, हे माझं रोजचं काम झालं होतं. शेजारची चिनी आंटी लिफ्टपाशी विचारायची, "युवर गर्ल स्टिल ऑन हॉलिडे, आह?" मी हसून मान डोलवायची आणि खाली जाईपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडायची. त्या बिचारीचा काय दोष.

फुटबॉलची युक्ती नवऱ्याची. आमच्या मुलीचा एक जन्मजात स्वभाव आहे. चुकीचं काही कानावर पडलं की तिला राहवत नाही. लहान असताना एकदा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, नवरा कुणाला तरी बुओना व्हिस्टाला गाडी बदला म्हणून सांगत होता, तर ही बाबाच्या कडेवरून त्या माणसाला इथल्या बोलीत म्हणाली, "नो लाह, अंकल, ही इज राँग." सगळा डबा हसला होता. नवरा बुओना व्हिस्टालाच ऑफिसात जायचा, तरी चूक त्याचीच होती.

तर सप्टेंबरातल्या एका सोमवारी, आम्हा दोघांच्या घरून काम करायच्या दिवशी, नवऱ्याने टीव्ही लावला आणि तिच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने जाहीर केलं, "यंदा नवख्यांचं बक्षीस या क्वार्टरबॅकलाच. दुसरं कुणी नाहीच." क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा म्होरक्या, आणि हे बक्षीस पहिल्याच वर्षी खेळणाऱ्यांतल्या सर्वोत्तम खेळाडूचं, हे मला नंतर कळलं. त्यालाही त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आदल्या दिवशी फोनवर वाचून त्याने मुद्दाम चुकीचं नाव शोधून ठेवलं होतं.

दार उघडलं. केस विस्कटलेले, अंगात कॉलेजचा जुना टी-शर्ट. "बाबा, दॅट गाय इज नॉट इव्हन अ रुकी. त्याचं सेकंड इयर आहे. आणि बक्षीस एक नसतं, दोन असतात. एक अटॅकवाल्यांना, एक डिफेन्सवाल्यांना."

"असं होय?" नवरा म्हणाला. "मग यंदाचे नवे कोण ते तरी सांग."

तिने सांगितलं. उभ्याउभ्या सुरू केलं आणि मग सोफ्याच्या हातावर टेकली. मी गुपचूप तिच्यासमोर साबुदाण्याच्या खिचडीची बशी ठेवली. बोलताबोलता तिने ती संपवली, आपण खातोय हे तिला कळलंही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

मग तो रिवाजच पडला. दर सोमवारी सकाळी सामना, समोर काहीतरी खायला, आणि बापलेकीचा वाद. नवऱ्याने एक नवखा क्वार्टरबॅक धरला. तो खराखुरा नवखा होता, एवढी काळजी त्याने आता घेतली होती. त्याचं म्हणणं, संघ हरत होता तो या पोराने जिंकता केला, आणखी काय हवं? मुलीचा माणूस होता एक लाइनमन. आमच्याकडे लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावर चढणारा, त्यामुळे पहिले दोन सोमवार मी गप्पच राहिले. हा लाइनमन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभे राहणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांपैकी एक. त्याचं काम एवढंच, की समोरून धावून येणाऱ्याला अडवायचं आणि मागच्याला फेकायला वेळ द्यायचा.

"त्याने काय केलं हे दिसतच नाही," नवरा म्हणायचा. "ना धावा, ना झेल. मतं देणाऱ्यांनी बघायचं काय?"

"दॅट इज द पॉइंट, बाबा. त्याने नीट केलं की काहीच दिसत नाही. चुकला तरच टीव्हीवर दाखवतात. तुझा तो हीरो उभा राहतोय ना, तो अशा माणसांमुळे."

"म्हणजे बक्षीस त्याला मिळणार?"

"नाही मिळणार. त्यांना कुणी देत नाही. मी डिझर्व्ह कोण करतो ते बोलतेय."

मी थालीपीठ उलटताउलटता म्हणाले, "माझं मत जाड्याला."

ती हसली. मे महिन्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून त्याचं नाव जाड्या पडलं आणि मी सामने बघू लागले. चेंडू कुठे जातो ते मी बघायचीच नाही, फक्त जाड्याकडे बघायची. कुणी त्याला ढकललं की मला त्याच्या आईची आठवण यायची. डिफेन्सच्या बक्षिसावर दोघांचं एकमत होतं, म्हणून त्यावर नवऱ्याने बोलणंच बंद केलं. एकमत झालं की ती उठून खोलीत जाईल, ही त्याला धास्ती.

नोव्हेंबरात ती एकदा खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, येऊन कॉफी पिऊन गेली. समुपदेशक बाईंनी सांगितलं, छान चाललंय. मी गावभर फोन केले. पुण्याला बहिणीला म्हटलं, निघाली गं पोरगी यातून. आता वाटतं, तो फोन करायला नको होता. मी काही देव-दैव मानणारी नाही, पण वाटतं.

डिसेंबरात नवऱ्याच्या क्वार्टरबॅकचा गुडघा गेला. त्याला गाडीवरून मैदानाबाहेर नेलं, डोक्यावर टॉवेल घेतला होता त्याने. मुलगी बटाटेवडा हातात धरून टीव्हीकडे टक लावून बघत होती.

इथे माझ्या नवऱ्याचं खानदान आडवं आलं. त्यांच्या घरात गोष्ट सांगून झाली की तात्पर्य सांगायचीच पद्धत. माझ्या सासऱ्यांनी चिमणी-कावळ्यापासून शेजाऱ्याच्या घटस्फोटापर्यंत एकही गोष्ट तात्पर्याशिवाय सोडली नाही. मुलगा त्यांच्यावरच गेलाय. तीन महिने त्याने कसं दाबून धरलं होतं, देव जाणे. तो खाकरला तेव्हाच मी ओळखलं. मी ओट्यापाशी उभी राहून त्याला झारा दाखवला, डोळे मोठे केले. त्याने बघितलंच नाही.

"बघ बेटा," तो म्हणाला, "यातून शिकायचं काय? एक वर्ष वाया गेलं म्हणजे सगळं संपलं असं नसतं. हा पुढच्या वर्षी उठेल, नव्याने सुरुवात करेल, आणि बघच तू, बक्षीस घेऊन जाईल."

मुलीने वडा बशीत ठेवला.

"पुढच्या वर्षी तो नवखा नसेल, बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत, जे ती सहसा करत नाही. "तोच तर नियम आहे. नवखा माणूस एकदाच असतो."

"अगं, मी आपलं त्याच्याबद्दल..."

"नाही, बाबा. इतके दिवस माझ्याबद्दलच चाललं होतं ना सगळं?"

नवऱ्याला खोटं बोलता आलं नाही. ती उठली, बशी सिंकमध्ये ठेवली, माझ्या खांद्याला ओझरता हात लावला आणि आत गेली. दार तिने आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवरा टीव्हीचा आवाज वाढवून एकटाच बसायचा आणि दाराकडे तोंड करून काहीबाही चुकीचं बोलायचा. जाड्याचा नंबर चुकीचा सांगायचा, संघांची अदलाबदल करायचा. त्याला आता तो खेळ चांगला कळत होता, त्यामुळे चुकायला कष्ट पडायचे. मला ते बघवेना. एकदा मी त्याच्यावर खेकसले, "बस कर रे आता." तो म्हणाला, "मग काय करू सांग." डॉक्टरांनी गोळी बदलली. ताटं पुन्हा तशीच परत येऊ लागली.

फेब्रुवारीत बक्षिसांचा कार्यक्रम असतो. आमच्याकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. एरवी शुक्रवारी मी तोआ पायोहच्या ऑफिसात जाते, त्या दिवशी गेले नाही. नवऱ्याने रजा काढली. मी साबुदाणा भिजवला होता. दोघंही असे नटूनथटून बसलो होतो, जसं काही घरात कार्य आहे. अटॅकवाल्यांच्या बक्षिसाचा लखोटा फोडला आणि नाव आलं एका चेंडू झेलणाऱ्या पोराचं. क्वार्टरबॅक तर कधीच बाहेर गेला होता, आणि जाड्याला कुणी देणार नव्हतं. जाड्याचं मुलीने ऑक्टोबरातच सांगून ठेवलं होतं.

नवरा उठला आणि तिच्या दारापाशी गेला. मीही हात पुसत मागे जाऊन उभी राहिले. त्याने टकटक केलं.

"बेटा," तो म्हणाला, "ऐकलंस का? तुझा जाड्या जिंकला."

तिच्याजवळ फोन असतोच. खरं काय ते तिला आमच्याआधी कळलेलं असणार. आता ती ओरडेल, राँग लाह, बाबा, म्हणेल. दार उघडून भांडेल. मी खिचडी फोडणीला टाकेन. बोल, बाई, मी मनात म्हणत होते. बाप चुकलाय तुझा, सांग त्याला.

आतून गादीचा आवाज आला. मग तिचा.

"ओके, बाबा."

नवरा दाराच्या मुठीला हात लावून तसाच उभा राहिला. मागे टीव्हीवर तो चेंडू झेलणारा पोरगा बक्षीस छातीशी धरून आपल्या आईचे आभार मानत होता.