साडूची हार्ड डिस्क आणि माझी अक्षरं

माझ्या साडूनं मला फसवलं, आणि तेही एक रुपया न घेता. फुकट काम करणाऱ्या माणसाइतका पक्का लबाड जगात दुसरा नाही, हे माझं ठाम मत त्याच्यामुळेच झालं आहे. पैसे घेणाऱ्याशी घासाघीस करता येते. काम बिघडलं तर त्याच्या दारात उभं राहून चार लोकांत त्याची अब्रू काढता येते. मी दुकानांच्या पाट्या रंगवत वर आलेला माणूस. ब्रशाच्या केसापासून राजारामपुरीतल्या गाळ्यापर्यंत प्रत्येक गोष्ट मी भांडून मिळवली आहे. कोल्हापुरातल्या भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी "परवडत नाही" म्हणत दुकानाची पायरी उतरायला लागून मागं बोलवायला लावलंय. पण "ऱ्हाऊ द्या की पावणं, घरचंच हाय" असं म्हणणाऱ्या माणसापुढं मी काय करावं? माझी सगळी हत्यारं म्यानातच गंजली.

हा गृहस्थ एका दूध संस्थेत वजनकाट्यावर होता. दिवसभर कॅन मोजायचे आणि संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर उघडायचे, असा त्याचा दिनक्रम. लोक निवृत्तीनंतर भजनाला लागतात, हा नोकरीत असतानाच हार्ड डिस्कला लागला. त्यातही नव्या डिस्कमध्ये त्याला काडीचा रस नव्हता. "नवीला काय, कुणीबी चालवंल," असं तो तुच्छतेनं म्हणायचा. जुनी, कुरकुरणारी, मालकानं आशा सोडलेली डिस्क दिसली की याचे डोळे पाणवायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरण्यापूर्वी तो चपला दाराबाहेर काढायचा, इतरांनाही काढायला लावायचा, मग खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवायचा. एकदा एका वकिलांच्या घरी त्यानं वकिलांना, त्यांच्या मिसेसना आणि त्यांच्या अशिलालाही ओळीनं गजाला हात लावायला लावला होता. अशील बिचारा मारामारीच्या केसमधला. त्याला वाटलं, शपथ घ्यायची असणार. त्यानं गज धरून "खरं तेच सांगीन" म्हणून टाकलं.

त्यानंतर तपासणी. साडू स्टीलची वाटी डिस्कवर पालथी घालायचा आणि वाटीला कान लावायचा. मशीन सुरू करायला सांगून डोळे मिटायचा. "खोकतीय," म्हणायचा. किंवा "दम लागलाय." किंवा फार गंभीरपणे, "हिला आता गावाकडं न्यायला पायजे." गावाकडं म्हणजे त्याच्या घरी. तिथं मृत आणि मरणोन्मुख डिस्का जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असत. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीलाही घाम फुटतो, आणि तांदूळ दमटपणा ओढून घेतो, असं त्याचं शास्त्र. माझी मेव्हणी, म्हणजे त्याची बायको, हे शास्त्र मानत नसे. "दाजी, तुम्हीच सांगा," ती मला म्हणायची, "भात करायला तांदूळ काढावा तर हातात वकिलाची हार्ड डिस्क येतीय. ह्यास्नी म्हटलं, ती तरी शिजवू का? तर म्हणत्यात, नगं, तिच्यात अजून जीव हाय."

त्याचा सगळ्यात मोठा हट्ट शब्दांचा होता. त्या काळातल्या मशीनमध्ये वायरच्या एका चपट्या पट्टीवर दोन डिस्का जोडायची सोय असे. दोघींतली पुढारीण कोण, हे ठरवायला प्रत्येकीच्या पाठीमागं तांदळाच्या दाण्याएवढी एक टोपी असायची. तिला जंपर म्हणायचे. पुढारणीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह, असं सगळं कोल्हापूर म्हणायचं. साडू म्हणायचा नाही. "मालक नि गुलाम? आपल्या आईबापांनी कशासाठी डोकं वर काढलं मग? घरात मी असली भाषा चालू द्यायचा न्हाय, कॉम्प्युटरच्या डब्यातबी न्हाय." म्हणून तो एकीला 'यजमान' म्हणायचा आणि दुसरीला 'पावणं'. मलाही तो पावणंच म्हणायचा, पण डिस्कला म्हणताना आवाजात जास्त आदर असे. दोन्ही डिस्का यजमान केल्या की मशीनला एकही दिसत नाही. असा घोळ कुठं सापडला की साडूला आनंदाचं भरतं यायचं. "बघा, दोघंबी म्हणत्यात घर माझं. म्हणून दोघंबी बाहीर!" मग चिमट्यानं एकीची टोपी हलवायचा आणि मशीन सुरू झालं की आजूबाजूला असं बघायचा, जणू भावकीतला वाद मिटवला.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं आहे. आता माझं नुकसान ऐका.

पाट्यांचा धंदा बसायला लागला तेव्हा मी शहाणपणा करून कॉम्प्युटर घेतला आणि लग्नपत्रिका, बिलबुकं करायला लागलो. पण कॉम्प्युटरमधली तयार अक्षरं मला कधी आवडली नाहीत. सगळी एका मापाची, परीटघडीची. माझ्या हाताचं अक्षर तसं नव्हतं. त्याला पोट होतं, कंबर होती, रुबाब होता. शहरात कुणीही पाटी बघून सांगायचा, ही ह्यांच्या हातची. म्हणून मी बसून सगळी वर्णमाला ब्रशानं कागदावर काढली, एकेक अक्षर स्कॅन करून डिस्कमध्ये भरलं. कधी कुठल्या पाटीवर न लागणारे ङ आणि ञ सुद्धा काढले, कारण अर्धवट काम मला खपत नाही. कागद पुढं वाळवीनं खाल्ले. हातही कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. म्हणजे उरलं काय, तर ती डिस्क. माझा हात आता तिच्यात होता, मनगटाला नव्हता.

आणि एक दिवस ती डिस्क ठकठक वाजायला लागली.

मी नवी, मोठी डिस्क आणली. दुकानदाराशी इतका भांडलो की त्यानं शेवटी कॉम्प्युटरवर डिस्कचे कप्पे पाडून दिले, वर मशीन सुरू करायची बूट फ्लॉपी दिली आणि हात जोडले. साडू रविवारी आला. चपला बाहेर, हात गजाला, वाटी, कान. "म्हातारी हाय, पण समदं ध्यानात हाय तिच्या," तो म्हणाला. बेत साधा होता. नवी यजमान, जुनी पावणं. यजमान आधी स्वच्छ पुसून घ्यायची आणि पावण्यांकडचं सगळं तिच्यात उतरवायचं. आता जुन्या डिस्कवरचं जंपरचं चित्र पुसलं गेलं होतं. यजमानाची जागा कुठली, पावण्यांची कुठली, काही कळेना; एकच जागा वाचता येत होती. तेव्हा साडूनं दोन्ही टोप्या 'पट्टी ठरवेल तसं' या जागी बसवल्या. या पद्धतीत नियम एवढाच, की पट्टीच्या टोकाला बसेल ती यजमान आणि मधल्या जागेवर बसेल ती पावणं.

हा नियम साडूला ठाऊक होता. मलाही त्यानंच तो आधी कधीतरी शिकवला होता. पण त्यानं डब्यात वाकून बघितलं. मधली जागा पट्टी दुमडून चेंगरलेली, टोकाची ऐसपैस. आणि हातात होती म्हातारी, आजारी पाहुणी. कोल्हापूरचा माणूस पाहुण्याला अडचणीत बसवेल? "बसा बसा, पावणं, हिकडं सैल बसा," असं पुटपुटत त्यानं जुनी डिस्क टोकाला लावली. नव्या यजमानाला मध्ये कोंबलं. मी शेजारी उभा होतो, आणि मलाही ते बघून बरंच वाटलं. घरातला माणूस अडचणीत बसला तर काय बिघडतं?

बिघडतं ते असं. मशीनला पाहुणचार कळत नाही. त्यानं टोकाला बसलेल्या पाहुणीला यजमान धरलं. साडूनं फ्लॉपीवरून मशीन सुरू करून 'यजमान पुसा' असा हुकूम दिला. मशीननं विचारलं, खरंच का? "व्हय की," म्हणत साडूनं बटण दाबलं आणि माझ्याकडं वळून दूध संस्थेतल्या एका पाणी घालणाऱ्या गवळ्याची गोष्ट रंगवून सांगायला लागला. आकडे पुढं सरकत होते. गोष्ट संपली, मी हसलो, आणि डब्यातून ठकठक आवाज आला. नवी डिस्क ठकठक करत नसते, हे आम्हा दोघांना एकदमच आठवलं. साडूनं धावत जाऊन वाटी लावली. पुन्हा दोनदा ठकठक झालं, मग एक बारीक शीळ, मग काहीच नाही.

मी जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. माझ्या बायकोनं खिडक्या लावून घेतल्या. साडू तोवर म्हातारीला पट्टीतून सोडवत होता. माझा दम संपला तेव्हा एवढंच म्हणाला, "पावणं, म्हातारीला मी गावाकडं न्हेतो. तुमची अक्षरं कुठं जात न्हाईत."

"नाही आणलीत तर?"

"आणतो की."

"आणि खर्च?"

"घरचंच हाय."

बघा! इथंसुद्धा दाम ठरवू दिला नाही.

महिनाभरानं तो गाळ्यावर आला आणि एक फ्लॉपी टेबलावर ठेवली. उघडली तर आत ग आणि ळ. माझाच ग, माझाच ळ, पोटाकंबरेसकट. आनंद लपवायला मी ओरडलो, "ळ घेऊन काय करू? ळ वरनं कुणाचं दुकान सुरू होतंय?"

"जसं निघंल तसं आणायलोय पावणं. डिस्क काय आपल्या हुकमात हाय?"

पुढं द आला, ध आला. मग म, स. एखाद्या महिन्यात काहीच नाही, मग एकदम तीन. प्रत्येक वेळी मी खेकसायचो, "आवरा की लवकर, लग्नसराई आली," आणि तो गुडघा चोळत, चहा न पिता निघून जायचा. अक्षरं थोडी खरखरीत होती, पण मरून उठलेल्या डिस्ककडून आणखी काय अपेक्षा करणार? मी ती साफसूफ करून पत्रिकांत वापरायला लागलो. गिऱ्हाईक म्हणायचं, अक्षराला वजन आहे. बऱ्याच काळानं वर्णमाला जवळजवळ पुरी झाली. राहिले फक्त ङ आणि ञ.

"ते सडक्या भागात गेले," साडू म्हणाला. मी मानलं.

मग गाळ्यात कॉम्प्युटरला मोठा पडदा घेतला आणि एका फ्लेक्ससाठी म चांगला हातभर मोठा केला. त्याच्या दांड्यात वरच्या बाजूला एक गोल पांढरा ठिपका होता. मी बघतच राहिलो. तो खिळा होता. शाहूवाडीला एका पिठा-मसाल्याच्या गिरणीची पाटी मी तरुणपणी रंगवली होती. गिरणीवाल्यानं ती अक्षरातूनच खिळा मारून ठोकली, म्हणून मी त्याच्याशी रस्त्यात भांडलो होतो. माझं भांडण मी विसरत नसतो. पण मी कागदावर काढलेल्या म मध्ये खिळा कुठून येणार?

मग सगळी अक्षरं मोठी करून बघितली. एका र वर चिमणीच्या घरट्याची काडी. प ला पोपडा. आणि मग ती ज्या क्रमानं आली त्याकडं लक्ष गेलं. ग आणि ळ म्हणजे मार्केट यार्डातली गुळाच्या अडत्याची पाटी. द आणि ध म्हणजे दूध डेअरी. गावोगावच्या माझ्या जुन्या पाट्यांचे फोटो काढत हा मनुष्य ओळीनं फिरला होता. ङ आणि ञ राहिले, कारण त्या अक्षरांची पाटी मी जन्मात रंगवली नव्हती.

तडक त्याच्या घरी गेलो. तो बाहेर होता. मेव्हणीला विचारलं, "माझी डिस्क चालते का गं अजून?"

"कुठली? ती ठकठक वाली? ती त्या दिवसापास्नं हललीबी न्हाय दाजी..." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

साडू आल्यावर मी त्याच्यापुढं कागद धरला. "हा म डिस्कमधून निघाला?"

"डिस्कमधनं न्हाय तर काय आभाळातनं?"

"मग ह्यात खिळा कुठला?"

त्यानं चष्मा लावून पाहिलं. "जुनी डिस्क हाय, पावणं," तो म्हणाला. "गंज धरतीया."

त्या दिवशी मला ओरडता आलं नाही. नंतर तो लेकीकडं इचलकरंजीला राहायला गेला. आता गुडघ्यांमुळं फारसा बाहेर पडत नाही. शाहूवाडीची गिरणी बंद पडली, अडत्याची पाटी निघून तिथं फ्लेक्स लागला. तो फ्लेक्स मीच छापला, आणि त्यावर ग आणि ळ माझेच आहेत. भिंतीवरचं माझं अक्षर आता कुठंच उरलेलं नाही. आहे ते साडूनं खोटं बोलून आणलेलं.

प्रत्येक दिवाळीला मी त्याला फोनवर विचारतो आणि प्रत्येक वेळी तो डिस्कचं कौतुक सांगून वेळ मारून नेतो. फसवणूक ती फसवणूक. मी सोडणार नाही. एवढ्या उंच पाट्यांचे फोटो रस्त्यावर उभं राहून असे सरळ येत नसतात, हे मला कुणी शिकवू नये, माझा जन्म त्याच उंचीवर गेला. तेव्हा साडूबुवा, गंजाच्या गोष्टी पुरे. समोर या आणि उत्तर द्या. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी शिडीवर कोण चढलं होतं? आणि मी गाळ्यात बसून तुमच्या नावानं ओरडत होतो तेव्हा, खालून ती शिडी धरायला तुमच्याजवळ कोण होतं?