पुढच्या जुलैचा लसूण

शेजारच्या काका-काकूंनी स्पॉन्सर करून घरी ठेवून घेतलेल्या युक्रेनियन बाईंचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. मी त्यांना आजीच म्हणते. ॲन आर्बरच्या त्या परसात त्या फक्त मुळा आणि शेपू लावायच्या, महिन्या-दीड महिन्यात हाती येईल तेवढंच. दर ऑक्टोबरमध्ये मी म्हणायचे, "आजी, आता लसूण लावा ना, पुढच्या जुलैत काढता येईल." हाताची माती झटकत त्या हसायच्या. "जुलैत मी घरी. माझ्या घरी!" आणि पूर्वेकडे बोट दाखवायच्या.

यंदा त्या आपणहून दारात आल्या. हसल्या नाहीत. "लावायला लसूण देतेस?"

दोन वर्षं मीच मागे लागले होते. ओट्यावर टोपलीभर गड्डे होते, तरी त्यांना नाही म्हणावंसं वाटलं.